ट्रूमन एंजल: सुतार, मिशनरी आणि सॉल्ट लेक मंदिराचे रचनाकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रूमन एंजल कोण होते?

ट्रूमन ऑस्बर्न एंजल (१८१०–१८८७) हे अमेरिकेतले एक सुतार. बावीस-तेवीस वर्षांचे असताना त्यांनी तेव्हा अगदी नव्या असलेल्या मॉर्मन पंथाचा स्वीकार केला, धर्मप्रचारासाठी पायपीट केली आणि घरंदारं सोडून पळालेल्या माणसांबरोबर अर्धा देश ओलांडला. पुढे त्याच पंथाचे ते अधिकृत वास्तुरचनाकार झाले. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत सहा मनोऱ्यांचं जे पांढुरकं ग्रॅनाइटचं मंदिर आहे, ते त्यांच्या हातचं. मंदिर जगभर ओळखलं जातं, पण ते ज्यांनी कागदावर उतरवलं त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

मॉर्मन म्हणजे नेमके कोण?

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा बायबलच्या जोडीचा धर्मग्रंथ, त्यावरून लोकांनी त्यांना हे नाव दिलं. मंडळीचं पूर्ण नाव ‘येशू ख्रिस्ताचे शेवटच्या दिवसांतील संतांचे चर्च’. इथे ‘संत’ म्हणजे ज्ञानेश्वर-तुकारामांच्या अर्थाने संत नव्हेत. मंडळीतला प्रत्येक सभासद स्वतःला संत म्हणवतो. आज मंडळी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरते. मी इतिहासापुरता जुना शब्द ठेवला आहे.

ते सुतारकाम कुठे शिकले?

जन्म ५ जून १८१० चा, ऱ्होड आयलंड राज्यातल्या नॉर्थ प्रॉव्हिडन्सचा. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते सुतारकामाला लागले. त्या काळी या कामात दोन शाखा मानत. एक म्हणजे तुळया, वासे, छपराचा सांगाडा उभा करणं. दुसरी म्हणजे दारं, खिडक्या, जिने, लाकडी तावदानं, नक्षीच्या पट्ट्या अशी आतली बारीक जोडकामं. एंजल या दोन्ही शिकले, पण त्यांचा हात खरा बसला तो बारीक कामात. पुढच्या आयुष्यात हेच कामी आलं. इमारतीच्या रेषा कागदावर काढण्याआधी त्यांनी त्या रंध्याने आणि पटाशीने लाकडात काढल्या होत्या.

धर्मांतर कसं झालं?

विशीत ते न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात राहायला गेले. हा सगळा पट्टा तेव्हा धार्मिक पुनरुज्जीवनाच्या सभांनी ढवळून निघाला होता. एका गावात तीन-तीन पंथांचे उपदेशक आणि घरोघरी कोण खरं, कोण खोटं याची चर्चा. १८३२ मध्ये त्यांचं पॉली जॉन्सन यांच्याशी लग्न झालं आणि जानेवारी १८३३ मध्ये त्यांनी मॉर्मन मंडळीत बाप्तिस्मा घेतला. मंडळी तेव्हा तीन वर्षांचीही झाली नव्हती. हा निर्णय सोयीचा नव्हता. ज्या पंथाची लोक चेष्टा करत होते, त्याच्या सभासदांना काही ठिकाणी डांबर फासून पिसं चिकटवत होते, त्यात एका नवविवाहित कारागिराने पाऊल टाकलं.

त्यांची बहीण मेरी अ‍ॅन एंजल हिनेही हा पंथ स्वीकारला. १८३४ मध्ये तिचं लग्न ब्रिगहॅम यंग यांच्याशी झालं. यंगसुद्धा मूळचे सुतार, रंगारी आणि काचा बसवणारे कारागीर. जोसेफ स्मिथ यांच्यानंतर मंडळीच्या मोठ्या भागाचं नेतृत्व याच मेहुण्यांकडे आलं. एंजल यांच्या वाट्याला आलेली कामं नात्यामुळे आली का, असं कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की नात्याने काम मिळू शकतं, पण नऊ फूट जाडीची भिंत ओळंब्यात ठेवता येत नाही.

मिशनरी म्हणून त्यांनी काय केलं?

बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच ते जोसेफ होलब्रूक या सोबत्याबरोबर प्रचाराला निघाले. सुरुवातीच्या मॉर्मन मिशनऱ्यांना पगार नसे आणि त्यांनी धर्मशास्त्राचं शिक्षणही घेतलेलं नसे. दोघादोघांच्या जोडीने निघायचं, पायी चालायचं, मिळेल त्या घरी जेवायचं, शाळेच्या खोलीत किंवा कुणाच्या अंगणात बोलायचं आणि परत येऊन आपला धंदा सुरू करायचा. सुतार, चांभार, शेतकरी असेच बहुतेक मिशनरी होते.

ओहायोतल्या कर्टलंडला आल्यावर त्यांना पुन्हा प्रचाराला जायचं होतं. पण जोसेफ स्मिथ यांनी त्यांना एक दुकान बांधायला सांगितलं आणि प्रचाराचा बेत मागे पडला. मला हा प्रसंग त्यांच्या आयुष्याची गुरुकिल्ली वाटतो. बोलण्यासाठी निघालेल्या माणसाला मंडळीने सांगितलं की तू बांध. तिथून पुढची पन्नास वर्षं ते बांधतच राहिले. त्यांच्यासाठी हाही धर्मप्रचारच होता.

कर्टलंडच्या मंदिरात त्यांचा वाटा कोणता?

हे मॉर्मनांचं पहिलं मंदिर, लोकार्पण २७ मार्च १८३६. एंजल १८३५ च्या शरद ऋतूत तिथे पोहोचले, तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि आतलं काम बाकी होतं. एकावर एक अशी दोन सभागृहं, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना पायरीपायरीने चढत जाणाऱ्या चार-चार ओळींची व्यासपीठं, अशी ही अजब रचना. वरच्या सभागृहाच्या लाकूडकामाची देखरेख एंजल यांच्याकडे होती. हे मंदिर अजून उभं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ते ‘कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट’ या दुसऱ्या शाखेकडून मूळ मंडळीने विकत घेतलं.

मग ते सगळे तिथून निघाले का?

कर्टलंडमध्ये मंडळीने काढलेली पतसंस्था १८३७ मध्ये बुडाली, आपसांत भांडणं झाली, आणि बरेच जण मिसुरीला गेले. एंजलही गेले. मिसुरीत शेजाऱ्यांशी संघर्ष पेटला. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी फर्मान काढलं की मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर संपवा. भर हिवाळ्यात हजारो माणसं मिसिसिपी नदीपलीकडे इलिनॉयमध्ये आली आणि तिथे त्यांनी नॉवू हे गाव वसवलं.

नॉवूतही मंदिर, आणि तिथेही एंजल. मुख्य रचनाकार विल्यम वीक्स यांच्या हाताखाली ते जोडकामाचे मुकादम होते. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ यांना गोळ्या घातल्या. १८४६ च्या फेब्रुवारीत पश्चिमेकडचं स्थलांतर सुरू झालं. वीक्स निघाले आणि उरलेलं काम एंजल यांच्यावर आलं.

इथे क्षणभर थांबायला हवं. गाव रिकामं होत होतं. लोक घरं, शेतं मिळेल त्या भावाने विकून गाड्या भरत होते. आणि काही कारागीर मात्र मागे राहून, जे मंदिर आपल्याला वापरायला मिळणार नाही याची त्यांना खात्री होती, त्याची दारं बसवत होते, लाकूडकामावर शेवटचा हात फिरवत होते. १ मे १८४६ रोजी जाहीर लोकार्पण झालं आणि तेही निघाले. दोन वर्षांनी कुणीतरी मंदिराला आग लावली. १८५० मध्ये वादळाने उरलेल्या भिंतींपैकी एक पाडली आणि बाकीच्या खिळखिळ्या केल्या.

‘पायोनियर’ हा शब्द त्यांच्या नावामागे का लागतो?

एप्रिल १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी रॉकी पर्वतांकडे निघाली. त्यात १४३ पुरुष, ३ बायका आणि २ मुलं होती. एंजल त्यातले एक. जुलैच्या चौथ्या आठवड्यात ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. २४ जुलै हा दिवस युटात अजून ‘पायोनियर डे’ म्हणून सार्वजनिक सुट्टीचा असतो. पण एंजल यांचं कुटुंब मागे मिसुरी नदीकाठच्या विंटर क्वार्टर्सच्या छावणीत होतं. म्हणून ते त्याच वर्षी हजारभर मैल उलटे गेले आणि १८४८ मध्ये बायकामुलांना घेऊन पुन्हा आले. तीच वाट दोन वर्षांत तीनदा.

औपचारिक शिक्षण नसताना ते रचनाकार कसे झाले?

विल्यम वीक्स मंडळीपासून दूर गेले, आणि मोठी इमारत हाताळण्याचा अनुभव असलेला माणूस म्हणून एंजल उरले. त्या काळी अमेरिकेत वास्तुशास्त्राचं महाविद्यालयच नव्हतं. सुतार आणि गवंडी नमुन्यांची पुस्तकं पाहून, मोजमापं घेऊन शिकत. एंजल तसेच शिकले. त्यांना आपल्या उणिवांची जाणीव होती, आणि ती यंग यांनाही होती. म्हणून १८५६ मध्ये त्यांना एका आगळ्या मिशनवर इंग्लंडला पाठवलं गेलं. प्रचार नावापुरता, खरं काम इमारती पाहण्याचं. मोठमोठी चर्चं आणि सार्वजनिक इमारती बघायच्या, आराखडे काढायचे, परत येऊन ते ज्ञान मंदिराच्या कामाला लावायचं. १८५७ मध्ये ते परतले. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर अर्धवट पायाचं ओझं असताना, वही घेऊन दुसऱ्यांच्या इमारतींसमोर विद्यार्थ्यासारखं उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं.

सॉल्ट लेकच्या मंदिराला चाळीस वर्षं का लागली?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. त्याची कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

१४ फेब्रुवारी १८५३ रोजी खोदकाम सुरू झालं, ६ एप्रिलला कोनशिला बसवल्या. गावाचं वय तेव्हा सहा वर्षांचं. धान्य, कुंपणं, पाण्याचे पाट, घरं हे सगळं एकाच वेळी उभं करायचं होतं. मजुरी द्यायला रोकड नव्हती. ‘दशांश’ म्हणून लोक पिकाचा दहावा भाग देत, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नसे ते दर दहा दिवसांतला एक दिवस कामावर येत. आपल्याकडच्या श्रमदानासारखंच, फक्त ते पिढी उलटेपर्यंत चाललं.

कशाने बांधायचं यावरही वाद झाला. कच्च्या विटांचाही विचार होता. अखेर लिटल कॉटनवुड दरीतला करडा-पांढरा दगड ठरला. त्याला सगळे ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्रात तो क्वार्ट्झ मोंझोनाइट. दरी शहरापासून सुमारे वीस मैल. घाटातले प्रचंड धोंडे फोडून बैलगाडीवर चढवायचे. एका मोठ्या दगडाची खेप तीन-चार दिवसांची, आणि वाटेत जू मोडलं, चाक रुतलं की दगड तिथेच. १८७० च्या दशकात रेल्वेचा फाटा खाणीपर्यंत गेला तेव्हा कुठे कामाला वेग आला.

मध्येच १८५७–५८ मध्ये संघराज्याचं सैन्य युटाकडे निघालं. लोकांनी शहर रिकामं करायची तयारी केली. मंदिराचा पाया मातीने बुजवून वर नांगर फिरवला, म्हणजे सैनिकांना ते साधं शेत वाटावं. सैन्य जून १८५८ मध्ये काही न करता शहरातून निघून गेलं, पण पाया पुन्हा उघडायला वेळ गेला.

पायाला तडे गेले होते, हे खरं का?

हो. पायात वापरलेल्या दगडांत दोष दिसले आणि १८६२ च्या सुमारास बराच भाग उकलून पुन्हा घडीव दगडांनी भरायचा निर्णय झाला. नऊ वर्षांचं काम मागे. यंग यांना मंदिर शेकडो वर्षं टिकणारं हवं होतं, त्यामुळे चालवून घ्यायचा प्रश्न नव्हता. भिंती तळाशी नऊ फूट आणि वर सहा फूट जाडीच्या आहेत. त्यात मधे भराव नाही, सगळा घडीव चिराच आहे. प्रत्येक दगडाचं माप कागदावर ठरवून पाथरवटांकडे द्यायचं, हे एंजल यांचं रोजचं काम.

एंजल स्वतः १८६१ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे पदावरून दूर झाले होते. विल्यम फोल्सम यांनी सहा वर्षं जबाबदारी सांभाळली. १८६७ मध्ये एंजल परत आले आणि अखेरपर्यंत राहिले.

भिंतींवर सूर्य, चंद्र, तारे का कोरले आहेत?

खालून वर पाहत गेलात तर आधी पृथ्वीचे दगड, मग चंद्राच्या कला, मग सूर्य, आणि सर्वांत वर तारे. मॉर्मन श्रद्धेत मृत्यूनंतरच्या तेजाच्या पायऱ्या मानतात, त्यांचा हा दगडी क्रम. पूर्वेचे तीन मनोरे पश्चिमेच्या तिघांपेक्षा उंच आहेत, ते पुरोहितपदाच्या थोरल्या आणि धाकट्या शाखा दाखवतात. मधला पूर्व मनोरा २१० फुटांचा.

माझं आवडतं चिन्ह पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर आहे. तिथे सप्तर्षी कोरले आहेत. वाट चुकलेल्याने सप्तर्षींवरून ध्रुवतारा शोधावा, तसा पुरोहितपदाच्या आधाराने मार्ग शोधावा, असा एंजल यांनी त्याचा अर्थ सांगितला होता. रात्री उघड्या माळावर गाड्यांचा तळ टाकलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

आणखी कोणत्या इमारती त्यांच्या आहेत?

ब्रिगहॅम यंग यांचं ‘बीहाइव्ह हाउस’ आणि त्याला लागून असलेलं ‘लायन हाउस’, दोन्ही १८५० च्या दशकातली. फिलमोर गावातलं प्रादेशिक विधानभवन, ज्याचा चारपैकी एकच भाग बांधला गेला, कारण राजधानी परत सॉल्ट लेकला आली. टॅबरनॅकल या कासवपाठी सभागृहाचं लाकडी छत पूल बांधणाऱ्या हेन्री ग्रो यांचं, त्यातला सज्जा मात्र एंजल यांचा.

युटातल्याच सेंट जॉर्ज गावचं मंदिर वेगळं सांगायला हवं. १८७१ मध्ये सुरू होऊन ते ६ एप्रिल १८७७ ला पूर्ण झालं, म्हणजे एंजल यांचं एक तरी मंदिर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. जागा पाणथळ होती, तेव्हा एका जुन्या तोफेत शिसं भरून तिचाच घण केला आणि ज्वालामुखीचा काळा दगड जमिनीत ठोकून बसवला. तिथे त्यांना माइल्स रॉम्नी यांच्यासारखे सोबती मिळाले. इंग्लंडमधल्या प्रेस्टनचे हे सुतार १८३७ मध्ये मॉर्मन झाले होते, आणि त्यांचे गोल जिने अजून नावाजले जातात. राजकारणातले मिट रॉम्नी हे त्यांचेच खापरपणतू.

बहुपत्नीत्वाचं काय?

टाळण्यासारखा विषय नाही. मॉर्मनांनी १८५२ मध्ये ही प्रथा जाहीरपणे मान्य केली आणि १८९० मध्ये मंडळीने ती सोडल्याची घोषणा केली. एंजल यांनीही एकाहून अधिक विवाह केले. कमाई बेताची, प्रकृती नाजूक आणि संसार मोठा, असं त्यांचं घर होतं. त्या घरातल्या बायकांनी बाग, दूधदुभतं आणि मुलं सांभाळली म्हणून हा माणूस मेजावर वाकून आराखडे काढू शकला. त्यांची नावं एकाही कोनशिलेवर नाहीत.

मंदिर पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं का?

नाही. १६ ऑक्टोबर १८८७ रोजी ते गेले, तेव्हा मनोरे अपुरे होते. कळसाचा दगड ६ एप्रिल १८९२ ला बसला आणि लोकार्पण बरोबर एक वर्षाने झालं. शेवटचं काम जोसेफ डॉन कार्लोस यंग यांनी केलं, ते ब्रिगहॅम यांचे पुत्र.

अखेरच्या वर्षांत एक दुखरी गोष्ट घडली. एंजल यांचा मुलगा, त्याचंही नाव ट्रूमन, वडिलांच्या हाताखाली शिकून रचनाकार झाला होता आणि त्याने युटातल्याच लोगन गावचं मंदिर उभारलं होतं. त्याने सॉल्ट लेकच्या मंदिराची आतली मांडणी बदलायचा प्रस्ताव दिला. दोन मोठ्या सभागृहांऐवजी विधींसाठी वेगवेगळी दालनं असावीत, असं त्याचं म्हणणं. वडिलांना ते मानवलं नाही. कर्टलंडपासून मनात धरलेली रचना त्यांना सोडवेना. शेवटी आतलं बरंच बदललं गेलं. उपयोगाच्या दृष्टीने मुलगा बरोबर होता असं मला वाटतं, पण तीन दशकं एकच आराखडा उशाशी घेऊन झोपलेल्या म्हाताऱ्याची हरकतही मला कळते.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

एंजल यांचा थेट नाही. पण त्यांच्या काळातल्या मिशनऱ्यांचा आहे. ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि नंतर पुण्याला गेले. त्यांना ऐकणारे मुख्यतः छावणीतले गोरे सैनिक होते. लष्करी अधिकाऱ्यांनी आणि इतर पंथांच्या पाद्र्यांनी विरोध केला. मराठी लोकांना उद्देशूनही त्यांनी लिखाण केलं, पण सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले आणि १८५५ मध्ये ते निघून गेले. सॉल्ट लेकमध्ये एंजल पायाचे दगड बसवत होते, त्याच वर्षांतली ही पुण्याची गोष्ट.

आज तिथे गेलं तर काय पाहायला मिळेल?

मंदिर डिसेंबर २०१९ च्या शेवटी दुरुस्तीसाठी बंद झालं. भूकंपापासून वाचवण्यासाठी त्याच्या खाली ९८ धक्काशोषक बसवले आहेत. काम सुरू असतानाच १८ मार्च २०२० रोजी ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शिखरावरच्या सोनेरी देवदूताच्या हातातला कर्णा खाली पडला. एरवी आत फक्त सभासदांनाच प्रवेश असतो, मात्र २०२७ मध्ये पुन्हा लोकार्पण होण्याआधी सर्वांना आत जाता येणार आहे. भिंतींवरची १८९० च्या दशकातली चित्रं मात्र दिसणार नाहीत. ज्या चित्रकारांना मंडळीने शिकायला पॅरिसला पाठवलं होतं त्यांच्या हातची ही चित्रं दुरुस्तीत काढावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या दुरुस्तीसाठी भोवतालची माती खोल उपसली गेली. १८५८ मध्ये नांगराखाली लपवलेला आणि मग पुन्हा घडवलेला तो पाया यंत्रांच्या उजेडात आला. एका पाथरवटाच्या छिन्नीचा माग शेजारच्या दगडावरच्या मागापेक्षा वेगळा असतो, आणि ते चिरे पुन्हा झाकले जाण्याआधी अभियंत्यांना हाताच्या अंतरावरून पाहायला मिळाले.